ओट्याचा चौथरा

घर बांधायचं ठरलं की घरातलं प्रत्येक माणूस मनातल्या मनात एकेक भिंत उभी करतं आणि मग त्या भिंती एकमेकींना आडव्या येतात. भूमितीच्या मास्तरांच्या घरी असं होऊ नये म्हणून मास्तरांनी आधीच नियम घालून दिला, की प्रत्येकाने एकच मागणं मागायचं. दुसरं मागितलं की पहिलं रद्द.

कॉलेजात जाणाऱ्या लेकीने आतून कडी लागेल अशी खोली मागितली. मास्तरांनी स्वतःसाठी पुस्तकांचं कपाट मागितलं आणि मोठ्या मनाने लगेच मंजूरही केलं. मास्तरीणबाईंचं मागणं मात्र राहिलं होतं. भाड्याच्या घरातल्या त्या बोळाएवढ्या स्वयंपाकघरात त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. हातात कांदा होता आणि तोंड नेहमीसारखं भिंतीकडे होतं.

"अगं, तुझं काय?" मास्तरांनी त्यांच्या पाठीला विचारलं.

"मला पाठ नको," उत्तर आलं.

"दुखतेय का? मलम लावून देऊ?"

"दुखत नाही हो. कंटाळा आलाय तिचा." सुरी थांबली, पण मान वळली नाही. "या घरात आल्यापासून भिंतीकडे तोंड करून उभी आहे मी. तुम्ही बोलता ते माझ्या पाठीशी. पोरगी भांडते तीही पाठीशीच. पाहुणे येतात, हसतात, खिदळतात, निघून जातात, आणि मला सगळं मागून ऐकू येतं. तुम्हीच सांगा, फळ्याकडे तोंड केलं की तुमच्या मागे वर्गात काय चालतं ते तुम्हाला दिसतं का?"

हा प्रश्न मास्तरांना वर्मी लागला. वर्गात मागे काय चालतं हे त्यांना दिसत नसलं तरी जाणवायचं. वर्तुळ काढायला ते फळ्याकडे वळले, की खडूचा एक तुकडा नेमका दोन खांद्यांच्या मधोमध येऊन लागायचा. मास्तर न वळता विचारायचे, "कोण आहे ते?" मुलांच्या पिढ्या शिकून गेल्या, काही जण मोठे अधिकारी झाले, पण त्या प्रश्नाला आजवर एकानेही उत्तर दिलेलं नव्हतं.

"शब्द दिला," मास्तर म्हणाले. "नव्या घरात तू आमच्याकडे तोंड करून उभी राहशील. नाही राहिलीस तर नाव बदलीन."

"नाव बदलून मी काय करू? ओटा बदला," असं म्हणून मास्तरीणबाईंनी कांदा पुढे चिरायला घेतला.

मास्तर त्याच संध्याकाळी कामाला लागले. स्वयंपाकघराची बैठकीकडची भिंत त्यांनी काढून टाकली. कागदावर भिंत काढणं किती सोपं असतं हे पाहून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग शेगडी, नळ आणि फ्रीज या तीन बिंदूंना जोडून त्यांनी समभुज त्रिकोण केला आणि खोलीच्या बरोबर मधोमध, चारी बाजूंनी मोकळा असा ओटा काढला. काढून झाल्यावर ते त्या नकाशाकडे इतका वेळ बघत बसले, की चहावर साय धरली. आपल्या हातून हे झालं यावर त्यांचा विश्वास बसेना.

शेजाऱ्यांचा मात्र लगेच बसला. मध्यमवर्गीय माणसाच्या घरी गुपित राहतं ते फक्त दागिन्यांचं, नकाशाचं राहत नाही. खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांनी स्वतः कधी खुंटीही ठोकली नव्हती आणि म्हणून ज्यांचा बांधकामाचा अभ्यास अजिबात डागाळलेला नव्हता, ते नकाशा उलटा धरून म्हणाले, "ओटा मधोमध? म्हणजे स्वयंपाक करताना प्रदक्षिणा घालायची?"

"काका, नकाशा सुलटा धरा."

"सुलटा धरला तरी मधोमधच राहणार ना?" काका म्हणाले. यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. भूमितीकडेही नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना वेगळी काळजी होती. "भावजी, तळताना तेल उडतं. आत्ता भिंतीवर उडतं, उद्या पाहुण्यांवर उडेल." मग थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "तसे काही पाहुणे आहेत म्हणा."

मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे ताई, हिने तर फर्मानच सोडलं, की आधी माझं स्वयंपाकघर बघ आणि मग तुझ्या रेघोट्या ओढ. ताईचं स्वयंपाकघर नुकतंच झालं होतं. मास्तर दारात उभे राहिले आणि त्यांचा हात आपोआप टोपी काढायला डोक्याकडे गेला, टोपी नसताना. आत एकही वस्तू दिसत नव्हती. नुसते गुळगुळीत, दुधाच्या रंगाचे दरवाजे, आणि त्यात स्वतःचा पुसट चेहरा. ताईने एका दाराला बोट लावलं, दार न बोलता उघडलं, आतून दुसरा खण सरकत आला, त्याच्या पोटातून तिसरा आला. मास्तरांनी असला चमत्कार जन्मात पाहिला नव्हता.

"आणि ताई, मीठ कुठे आहे?"

ताई पुढे झाली. तिने एक खण उघडला, दुसरा उघडला, मग कोपऱ्यातलं काहीतरी गरकन फिरवलं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "बसवणाऱ्या माणसाला फोन करावा लागतो." त्या दिवशी चहा बाहेरून आला.

घरी परतताना मास्तरांची छाती फुगली होती. आपला ओटा साधा आहे, पण मीठ समोर दिसेल, आणि मीठ घालणारीही समोर दिसेल. या आनंदात ते दुसऱ्या दिवशी नकाशा मंजूर करून घ्यायला नगरपालिकेत गेले. शाळेत आयुष्य गेलेला माणूस कचेरीत शिरतो तेव्हा त्याला वाटतं, की बरोबर उत्तराला पूर्ण गुण मिळतात.

बांधकाम विभागाचे लेखनिक अतिशय शांत गृहस्थ होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा डोळ्यांवर आणून पुन्हा पाहिला, आणि विचारलं, "हे मधोमध काय आहे?"

"ओटा."

"ओटा म्हणजे काय?"

मास्तर हसले. समोरच्याला व्याख्या विचारायची सवय त्यांना होती, द्यायची नव्हती. लेखनिकांनी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि वाचलं, "ओटा म्हणजे भिंतीस लागून असलेला, कंबरेइतका उंच, नित्य वापराचा बांधीव भाग. तुमचा भिंतीला लागून आहे?"

"नाही."

"मग तो ओटा नाही."

"मग काय आहे?"

लेखनिकांनी पान उलटलं. "मोकळ्या जागेत मधोमध, चारी बाजूंनी फिरता येईल असा बांधीव उंचवटा, यास चौथरा म्हणावे." त्यांनी पुस्तक मिटलं. "चौथऱ्याची परवानगी आमच्याकडे नाही. स्मारके व पुतळे विभाग. सगळ्यात वरचा मजला."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. पण ज्याने जन्मभर पोरांकडून व्याख्या घोकून घेतल्या तो व्याख्येशी भांडणार कसा? व्याख्या होती निर्दोष. मास्तरांना राग येण्याऐवजी आदरच वाटला, आणि आदर वाटला म्हणून स्वतःचा राग आला.

"किंवा असं करा," लेखनिक मायेने म्हणाले, "भिंतीला लावून टाका. आत्ता शिक्का मारतो."

शिक्का टेबलावरच होता. त्याला नुकतीच शाई लागलेली होती. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, नकाशाची गुंडाळी केली आणि ते जिन्याकडे वळले.

स्मारके व पुतळे विभागात शांतता होती. तिथले साहेब खिडकीतून बाहेर बघत बसले होते. माणूस आलेला पाहून ते इतके आनंदले, की त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुसली.

"कोणाचा बसवताय?"

"कोणाचा नाही. तिथे बायको उभी राहणार आहे."

साहेबांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "कधी गेल्या?"

"कुठे?"

"म्हणजे... हयात आहेत?"

"आहे की! घरी आहे."

"मग कठीण आहे. हयात व्यक्तीचा पुतळा नियमात बसत नाही."

"ती बसतच नाही हो! सकाळपासून उभी असते."

"उभा पुतळा?" साहेबांनी मान हलवली. "त्याला उंचीची वेगळी मर्यादा आहे."

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, पाठ, भिंत, फळा, खडू. साहेबांनी ते लक्ष देऊन ऐकलं. इतकं लक्ष देऊन मास्तरांचं कोणत्याच वर्गाने ऐकलं नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "मी जागेवर येऊन पाहीन. खालच्या लेखनिकांनाही आणतो. ओटा वाटला तर ओटा लिहीन. चौथरा वाटला तर तो पाडायचा आणि भिंतीला लावायचा, मग माझ्या हातात काही नाही."

"पण घरच अजून झालेलं नाही."

"परवानगीशिवाय घर नाही, पाहणीशिवाय परवानगी नाही. तुम्ही जमिनीवर आखून दाखवा."

मास्तरांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मास्तरीणबाई भांडी विसळत होत्या. पाणी वाहत राहिलं. पातेलं पालथं घालत त्या म्हणाल्या, "लावा हो भिंतीला. सवय आहे मला." आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मास्तरांना सोसवलं नाही. ते तसेच शाळेत गेले आणि मैदान आखायच्या फक्कीचं पोतं उधार घेऊन आले. त्याच्याबरोबर अडगळीतले दोन जुने बाक हातगाडीवर घालून नव्या जागेवर आणले. जोडून ठेवले की बाकांचा ओटा होणार होता, पण कंबरेइतका उंच व्हायला त्यांच्याखाली विटा लावाव्या लागल्या.

पांढऱ्या रेषांनी घर उभं राहिलं. उघड्या जमिनीवर, आभाळाखाली, दार, खिडक्या, खोल्या, सगळं. घरचे आणि शेजारी बघायला जमले होते; मास्तर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी फळ्यावर खोल्या, बागा, शेतं काढली होती, पण त्यातल्या एकातही कधी पाय ठेवता आला नव्हता. आज ते स्वतःच्या रेषेच्या आत उभे होते, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

काटा फार वेळ टिकला नाही. "बाबा, बाकावर काय कोरलंय बघा," लेक ओरडली आणि मोठ्याने वाचू लागली, "'फूटपट्टी वळला, पळा!' फूटपट्टी कोण?"

"असेल कोणी जुना शिक्षक," मास्तर म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या फूटपट्टीकडे पाहिलं आणि सभ्यपणे दुसरीकडे नजर वळवली. मास्तरीणबाईंनी मात्र वळवली नाही. त्यांना हे नाव पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते त्यांना फार आवडलेलं दिसलं.

पाहणीच्या दिवशी सगळी इमारत हजर होती. काका झोपायच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. वहिनी खिडकीच्या रेषेबाहेर उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या मते खिडकीतूनच बरं दिसतं. एक कुत्रा न्हाणीघरात येऊन झोपला आणि काही केल्या उठेना. साहेब आणि लेखनिक रिक्षातून उतरले आणि सरळ बैठकीत शिरले.

"अहो, भिंतीतून कुठे!" मास्तर कळवळले. "दार तिकडे आहे."

साहेब ओशाळले, मागे फिरले आणि दारातून आत आले. लेखनिक भिंतीतच उभे राहिले. त्यांच्या मते भिंत अजून मंजूर नव्हती.

"सुरू करा," साहेब म्हणाले. "नित्य वापर दाखवा."

मास्तरीणबाईंनी पदर खोचला, त्या बाकापाशी गेल्या, आणि मास्तरांनी खडूने जिथे शेगडी काढली होती तिच्यासमोर उभ्या राहिल्या. आणि सगळ्यांना त्यांची पाठ दिसली.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या लगेच लक्षात आलं. शिक्षक मुलांकडे तोंड करून "उजवा हात वर" म्हणताना स्वतः डावा वर करतो, म्हणजे मुलांना बरोबर दिसतं. जन्मभराच्या त्या सवयीने मास्तरांनी ओटासुद्धा समोरच्याच्या, म्हणजे बैठकीत बसणाऱ्याच्या, बाजूने काढला होता. शेगडी नेमकी उलट्या अंगाला गेली होती. एवढा खटाटोप करून, दोन विभाग हलवून, फक्की उधार आणून, बायको पुन्हा तशीच उभी होती. फक्त आता भिंतसुद्धा नव्हती.

"म्हणजे पाठच," लेखनिक म्हणाले. "मग भिंतीला लावायला हरकत काय?"

 दिलेला शब्द फक्कीसारखा पायाखाली तुडवला जाताना मास्तर बघत होते. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी वळून विचारलं, "हा मधोमध आहे ना?"

"हो," मास्तर कसेबसे म्हणाले.

"मग फिरता येतं की." आणि त्या बाकाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"प्रदक्षिणा!" काका झोपायच्या खोलीतून ओरडले, पण कोणी हसलं नाही. कारण मास्तरीणबाईंनी हाताच्या बोटाने खडूची शेगडी पुसली, आपल्या बाजूला नवी काढली, आणि त्या स्वयंपाक करू लागल्या.

समोर काहीच नव्हतं. ना भांडं, ना पाणी, ना जाळ. पण त्यांचे हात न चुकता जात होते. एका हाताने झाकण उचललं तेव्हा दुसरा हात आधीच मिठाशी पोचला होता. दूध वर यायला लागलं तशा भुवया वर गेल्या, आणि दूध खाली बसलं तशा त्याही बसल्या. कांदा चिरताना त्या एकटक समोर बघत होत्या आणि ओठ हलत होते. त्या बोलत होत्या, भांड्यांशी. पातेल्याला दटावलं, कढईला थांब म्हणाल्या, पिठाला पाणी जास्त झालं तेव्हा स्वतःच्या कपाळावर मनगट मारून घेतलं. काहीतरी चाखलं, डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर असं हसू आलं की लेक मास्तरांचा हात धरून हळूच म्हणाली, "बाबा, आई स्वयंपाक करताना हसते?"

मास्तरांना माहीत नव्हतं. ते थक्क होऊन बघत होते. त्यांनी या हाताचं इतकी वर्षं खाल्लं होतं, दर वेळी 'छान झालंय' म्हटलं होतं, आणि ते जिथे होत होतं तो चेहरा आज पहिल्यांदा बघत होते. बायकोला स्वयंपाकघर पाठ होतं आणि त्यांना फक्त तिची पाठ. त्यांना आनंद झाला, भीती वाटली, आणि एवढं मोठं काहीतरी आपल्याच घरात रोज चालू होतं या विचाराने डोळे भरून आले. वहिनी खिडकी सोडून बैठकीत आल्या होत्या. काका उभे राहिले होते. कुत्राही उठून बसला होता, पण त्याचं कारण वेगळं असावं.

मास्तरीणबाईंनी मान वर केली. समोर एवढी माणसं, आणि सगळ्यांचे चेहरे त्यांना दिसत होते. त्यांनी एक ताट घेतलं, म्हणजे न घेतलेलंच, त्यात वाढलं आणि साहेबांपुढे धरलं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"आणखी वाढू?"

"पुरे," साहेब म्हणाले. ताट त्यांनी हलकेच बाकावर ठेवलं.

मग त्यांनी तिथेच, बाकावर कागद टेकून, शेरा लिहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला: "पाहणी केली. सदर चौथऱ्यावर पुतळा आढळला नाही. त्यामागे उभी असलेली व्यक्ती हयात असून सतत हालचाल करते. सबब हा ओटा समजावा." लेखनिकांनी शेरा दोनदा वाचला आणि खिशातून शिक्का काढला. जाताना ते भिंतीतून गेले नाहीत. वळसा घालून दारातून गेले.

यथावकाश घर झालं. लेकीच्या खोलीची कडी आतून लागते, बाहेरूनही चुकून लागते. मास्तरांच्या कपाटाला जागा उरली नाही, म्हणून ते जिन्याखाली आहे. पण ओटा मधोमध आहे, आणि त्याच्यामागे मास्तरीणबाई सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहतात. पहिल्या दिवशी मास्तर समोर खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

"काय बघताय मघापासून?"

"काही नाही. तू बोलतेयस कढईशी."

"तुम्ही असं टक लावून बसलात तर माझ्या हातून मीठ जास्त पडेल. वळा जरा तिकडे."

"अगं, पण यासाठीच तर एवढा..."

"वळा म्हणते ना!"

मास्तर खुर्चीसकट वळले. समोर नवी कोरी भिंत होती. मागे भांड्यांचे आवाज येत होते, लेक काहीतरी सांगत होती, मास्तरीणबाई हसत होत्या. आणि एकदम काहीतरी हलकं, गोल, मटारच्या दाण्याएवढं, नेमकं त्यांच्या दोन खांद्यांच्या मधोमध येऊन लागलं.

मास्तर ताठ बसले. जुन्या सवयीने, न वळता, त्यांनी विचारलं, "कोण आहे ते?"



"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या.